अर्धी दाढी

तुम्ही माझ्या नवऱ्याची अर्धी दाढी कापलीत आणि बाहेर येऊन मला सांगितलंत, की सगळं सुरळीत झालं. ही थाप आहे. मी काही फार हुशार बाई नाही, पण खोटं न बोलता खोटं कसं सांगायचं याचाच मला पगार मिळतो, म्हणून मला ते ओळखू येतं. त्याचं नंतर सांगते. आत्ता मी तुमच्या अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराशी उभी आहे. हातात फळीला अडकवलेला संमतीचा कागद आहे, कुणीतरी दातांनी चघळलेल्या टोपणाचं पेन आहे, आणि आत खिडकीलगतच्या खाटेवर माझा नवरा तोंडाला घट्ट आवळलेल्या मास्कमधून श्वास ओढतो आहे. ओढतो हाच शब्द बरोबर आहे. खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसा तो प्रत्येक श्वास वर आणतो, आणि वर आला की पोहरा जवळजवळ रिकामाच. मानेच्या शिरा ताणतात, गळ्याखालचा खळगा आत जातो, पोट उलटंच हलतं. त्याला पुन्हा झोपवायचं, पुन्हा गळ्यात नळी घालायची आणि मशीनला जोडायचं, असं ठरलंय. ते मला समजतं. सहीसाठी मी नखरे करत नाही. पण आत्ताच पाळी बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई, ज्या ही नळी घालणार आहेत, त्यांनी हातमोजे चढवता चढवता मला विचारलं, "मागच्या वेळी नळी सहज गेली होती ना?" मला विचारलं. भूल देणारे तुम्ही, नळी घालणारे तुम्ही, आणि त्यांच्या मागे दोन हात अंतरावर उभे राहून चष्म्याची काच पुसत होतात तेही तुम्हीच. काच पुसून झाली तरी पुसत राहिलात. तेव्हा माझ्या हातातलं पेन जड झालं.

मला तो पहिला दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो आहे. दिवस म्हणजे त्यातला एवढासा तुकडा. पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून काढायचे होते, तुमच्याच शब्दांत 'आलात तसे घरी जाल' इतकं सोपं काम. शस्त्रक्रियेनंतर मला वॉर्डात सोडलं तेव्हा मी ओळीने खाटा बघत गेले. मी दाढी शोधत होते. संसाराच्या इतक्या वर्षांत या माणसाला गर्दीत शोधायची माझी तीच रीत आहे, भरगच्च काळी, आता निम्मी पांढरी, छातीपर्यंत नाही पण कॉलर झाकेल इतकी. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. एका खाटेवर कुणी अनोळखी, पडलेल्या चेहऱ्याचा माणूस होता, त्याच्याकडे मी बघितलं आणि परक्या पुरुषाकडे टक लावून बघू नये म्हणून नजर वळवली. त्याने हाताची दोन बोटं उचलली. ती बोटं माझ्या ओळखीची होती. चेहरा नव्हता. डाव्या गालावरची दाढी सपाट केलेली, हनुवटीवरची सपाट केलेली, कातडी दोन-तीन ठिकाणी खरचटलेली, आणि उजव्या बाजूला कानाखाली दाढीचा झुबका तसाच लोंबत राहिलेला, चिकटपट्टीचे धागे त्यात अडकलेले. वरचा ओठ फाटून सुजलेला. पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला. आणि हनुवटी. हनुवटी नव्हतीच म्हणा ना. खालच्या ओठानंतर चेहरा उतरून सरळ मानेत जात होता. कुणीतरी चित्र काढत खाली खाली येत असावं आणि कागद संपावा, तसं. मी माझ्या नवऱ्याची हनुवटी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तुमच्यामुळे बघितली. तो घोगऱ्या, फुटक्या आवाजात म्हणाला, "माझी दाढी कुणी खाल्ली गं?" मी हसले. मग तो खोकला, आणि रुमालावर जे आलं ते बघून माझं हसू तिथेच थिजलं.

तुम्हाला गाठून मी विचारलं, तेव्हा तुम्ही चालता चालता म्हणालात, की मास्क नीट बसावा म्हणून थोडी दाढी काढावी लागते, नेहमीचंच आहे. मग मी घरी जाऊन भांडी घासताना, गॅस पुसताना, चादर झटकताना तेच घोळवत बसले. नेहमीचंच असेल तर आधी का नाही काढलीत? त्याला सांगितलं असतं तर त्याने नखरे केले असते, पण काढून घेतली असती. आणि काढायचीच होती तर अर्धी का? सावकाश, ठरवून काम करणारा माणूस अर्धी दाढी ठेवत नाही. हजामही ठेवत नाही, मग तुम्ही तर डॉक्टर. अर्धं काम घाईत होतं. म्हणजे माझा नवरा टेबलावर निपचित पडलेला होता, तुमच्या औषधाने त्याचा श्वास थांबलेला होता, नळी जात नव्हती, मास्क दाढीवर बसत नव्हता, वारा बाजूने निसटत होता, आणि कुणीतरी ओरडलं असेल, काढा ती दाढी आधी. तेवढ्यात पोटातलं वर आलं असेल आणि जिथे फक्त हवेने जायचं त्या वाटेने खाली उतरलं असेल. हे सगळं मला कुणी सांगितलं नाही. हे मला त्या उरलेल्या झुबक्याने सांगितलं. नंतर ताप चढला, धाप लागली, फोटोत फुप्फुसं कापूस पिंजल्यासारखी पांढरी दिसायला लागली, आणि तुम्ही एक शब्द काढलात, गुंतागुंत. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत. जणू लोकरीचा गुंडा मांजराने खेळून ठेवलाय, कुणाचाच हात नाही.

आता माझ्या पगाराचं सांगते. मी वीजमंडळाच्या तक्रारीच्या फोनवर बसते. कानाला यंत्र लावून दिवसभर. आम्हाला पहिल्या आठवड्यात साहेबांनी बसवून शिकवलं, की 'माहीत नाही' म्हणायचं नाही आणि 'चूक झाली' तर मेलं तरी म्हणायचं नाही. म्हणायचं, तांत्रिक कारण. म्हणायचं, काम चालू आहे. म्हणायचं, आपली अडचण आम्ही समजू शकतो. ही तीन वाक्यं मी इतक्या वेळा म्हटली आहेत, की एकदा घरी पोळी करपली तेव्हाही माझ्या तोंडून तांत्रिक कारण आलं आणि नवरा ताट धरून हसत सुटला. तेव्हापासून तो मला तक्रारवाली म्हणतो. तर तुमचं ते गुंतागुंत म्हणजे आमचं तांत्रिक कारण, हे मला पहिल्या फटक्यात कळलं. सोनाराने सोनाराचं पितळ ओळखावं तसं. एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडे वरचेवर फोन करायचे. बायको अंथरुणाला खिळलेली, तिची हवेची गादी विजेवर चालायची. बाकीचे लोक विचारतात, वीज कधी येणार. ते कधीच तसं विचारायचे नाहीत. ते म्हणायचे, बाई, कधी येणार ते सोडा, का गेली तेवढं सांगा. तार तुटली असेल तर मी तिला शेजारी हलवतो, आणि नुसता फ्यूज असेल तर थांबतो. आणि मी त्यांना म्हणायची, काका, तांत्रिक कारण. दर वेळी. मला खरोखर माहीत नसायचं, पण मी विचारूही शकले असते. त्यांचा तो शांत, थकलेला आवाज आज सकाळपासून माझ्या कानात बसलाय. मी आता त्यांच्या जागी उभी आहे आणि तुम्ही माझ्या. का गेली तेवढं सांगा.

नवरा गाडी चालवायला शिकवतो. त्याच्या गाडीला डावीकडेही ब्रेक आहे, क्लच आहे, आणि त्याचा जन्म त्या डावीकडच्या सीटवर गेला. आत्ता आत खाटेवर त्याचा उजवा पाय मधूनच दाबल्यासारखा हलतो, ते तुमच्या नर्सबाईंना झटके वाटले. झटके नाहीत ते, ब्रेक आहे. मी लग्नानंतर त्याच्याकडेच शिकले आणि भर चौकात त्याच्याशी भांडले. गिअर पडेना म्हणून मी दांडा दोन्ही हातांनी रेटत होते, मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. तो म्हणाला, रेटू नकोस, पडत नसेल तर तो पडणार नाही, मागे ये, क्लच दाब, श्वास घे, दुसऱ्या वाटेने बघ. मोठ्या हुद्द्यावरचे लोक त्याच्याकडे शिकायला येत, आणि त्यांचं म्हणे सगळ्यांचं एकच दुखणं, पुढे जातात झोकात पण मागे घ्यायला लाजतात. तो त्यांना तोंडावर सांगायचा, साहेब, मागे यायला लाज कसली, लाज ठोकल्यावर. रात्री जेवताना त्यांच्या नकला करायचा. दाढीत भाताचं शीत अडकलेलं असायचं, मी खूण करायची, तो मुद्दाम चुकीच्या बाजूला पुसायचा. तुम्ही किती वेळा रेटलंत, डॉक्टर? मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच कळायला हवंय. कितव्यांदा तुम्हाला वाटलं की आता मागे यावं, आणि का आला नाहीत? बाहेर पुढची शस्त्रक्रिया रांगेत होती म्हणून? खालच्या माणसांसमोर हात थांबला तर बरं दिसत नाही म्हणून?

पण थांबा. इथवर बोलून मी तुमच्यावर दार आपटून मोकळी झाले असते. सकाळपर्यंत माझा राग असा सरळ, धारदार होता, आणि तो राग मला उभं ठेवत होता. दुपारी माझी नणंद आली. ताई थोरली, शाळेत शिवण शिकवायची, बोलायला फटकळ, भावावर जीव टाकणारी. पहिल्या दिवशी स्ट्रेचरबरोबर तीही होती, नंतर तिलाच ताप आला म्हणून तिला आम्ही घरी ठेवलं होतं. तिने भावाला अजून तसं बघितलं नव्हतं. मी तिला या काचेशी आणलं. मधल्या काळात वॉर्डातल्या मुलाने उरलेला झुबकाही काढून टाकला होता, आणि ओठ पुसायला नर्सबाईंनी मास्क जरा वेळ उतरवला होता. ताई बघत राहिली आणि काचेवर तिचा श्वास उमटला. मग ती खुर्चीवर जाऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली, पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवत राहिली, आणि म्हणाली, "हे अण्णांचं तोंड आहे."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना फक्त भिंतीवर बघितलंय, दाढीसकट. मला लग्नात सांगितलं होतं, की ते हर्नियाच्या शस्त्रक्रियेत गेले, भूल मानवली नाही. घरात ते वाक्य एखाद्याला वांगं मानवत नाही म्हणावं तसं म्हटलं जायचं, आणि पुढे कुणी जायचं नाही. आज ताई पुढे गेली. भूल मानवली नाही हे खरं नव्हतं. तिथल्या कंपाउंडरने तिच्या आईला जिन्यात सांगितलं होतं, की त्यांच्या गळ्यात नळीच जाईना, गळा असा घडलाय की आतलं दिसतच नाही, धडपड केली पण तोवर उशीर झाला. अण्णांना घरी आणलं तेव्हा त्यांची दाढी काढलेली होती. पोरांनी बापाची हनुवटी तेव्हा पहिल्यांदा बघितली. माझा नवरा तेव्हा नुकता दाढी करायला लागला होता. त्यानंतर त्याने वस्तरा ठेवून दिला. ताई म्हणाली, त्याला आरशात अण्णा दिसायचे. मला तो इतकी वर्षं सांगत आला की आळस आहे, रोज कोण घासत बसेल. रविवारी बेसिनपाशी कात्री घेऊन दाढीची कडा नीट करायचा, आणि बेसिनमधल्या केसांवरून मी त्याच्याशी भांडायची. त्या केसांच्या आड तो रोज काय झाकत होता, हे मला आज, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पिशवीच्या बंदांकडे बघत कळलं. एका अंथरुणात दोन माणसं किती लांब झोपतात.

आणि मग मला तुमचा तो बोळ आठवला. स्ट्रेचर चाललेलं, चाकं करकरत होती, तुम्ही मागून टोपीच्या नाड्या बांधत आलात आणि एका दमात विचारलंत, पोटात काही नाही ना, दात पक्के आहेत ना, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का. त्याला म्हणालात, तोंड उघडा. त्याने उघडलं. तुम्ही तेव्हा डोक्यामागे गाठ मारत होतात, तुमची नजर वरच्या दिव्यावर होती. दाढी हाताने चाचपावी, मान मागे करायला लावावी, खाली किती जबडा आहे ते बघावं, यातलं काहीही तुम्ही केलं नाहीत. आणि त्याच क्षणी माझ्या ताईने, भावाचा हात धरून, हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, छे छे, आमच्याकडे सगळे धडधाकट. तो आडवा पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होता. तोही काही बोलला नाही. मला तेव्हा ते छान वाटलं होतं. धीर देतेय असं वाटलं होतं.

मी ताईला विचारलं, का नाही सांगितलंस? आवाज चढवला नाही, चढवायला अंगात काही उरलेलंच नव्हतं. ती म्हणाली, "अगं, आत जाणाऱ्या माणसासमोर मेलेल्याचं नाव कसं काढायचं?" मीही तेच केलं असतं. परीक्षेला निघालेल्या पोराला कुणी नापास झालेल्या काकाची आठवण करून देत नाही. प्रवासाला निघालेल्याला कुणी अपघात सांगत नाही. तोंडातून निघालं की ते खरं होईल, या भीतीपायी आम्ही तोंड मिटतो, आणि मिटल्यामुळेच ते खरं होतं. ताईने माझा हात धरला, तिचा हात गरम होता, ताप गेला नव्हता. तिला जे कळायचं ते कळलेलं होतं. ते तिला आणखी कुणी सांगायची गरज नाही, आणि तुम्ही तर नाहीच नाही. तुम्ही हे वापराल म्हणून मी आत्ताच सांगून ठेवते. उद्या कुणी विचारलं तर तुम्ही म्हणाल, नातेवाइकांनी माहिती लपवली. लपवली. पण तुम्ही ती विचारली होतीत का? चालत्या स्ट्रेचरमागे, रुग्णाच्या डोक्यावरून, नाडी बांधता बांधता टाकलेला तो प्रश्न उत्तर मिळण्यासाठी होता, की विचारलं होतं असं म्हणता येण्यासाठी? मी हे काम करते, डॉक्टर. आम्हीही शेवटी विचारतो, आणखी काही मदत हवी आहे का, आणि बोट फोन ठेवायच्या बटणावर असतं.

तर अशी आपली आळीमिळी गुपचिळी आहे. आमच्याकडून अशुभ नको म्हणून, तुमच्याकडून नाव जायला नको म्हणून. मधे तो पडलाय, ज्याला मधेच पडायची सवय आहे, शिकाऊ माणूस आणि समोरचा ट्रक यांच्या मधे. मी दमले आहे. या बोळातल्या दिव्याचा एकसुरी आवाज, फरशीवरच्या औषधाचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या गार झालेल्या जेवणाचा वास, सगळं अंगावर ओल्या कपड्यासारखं चिकटलंय. मला तुम्हाला शिक्षा व्हायला नको आहे. शिक्षेला ताकद लागते. कोर्टात जाणाऱ्या बायका मी फोनवर ऐकल्या आहेत, त्यांच्या आवाजाला वर्षागणिक गंज चढत जातो. मला माझा नवरा हवा आहे, हनुवटीसकट, हनुवटीशिवाय, कसाही. काचेतून मी बघते आहे, त्याने आत्ता डोळे उघडले. त्याने मला बघितलं आणि मोकळ्या हाताने गालापाशी, जिथे दाढी नाही तिथे, शीत पुसल्यासारखं केलं. चुकीच्या बाजूला.

म्हणून मी सही केली. हा घ्या कागद. बघा, रेघेवर, नीट, वाचता येईल अशी. सहीसाठी अडवून धरून मी त्याचा एकही श्वास खर्चणार नाही. नव्या डॉक्टरीणबाईंनी कागद घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. म्हटलं, बाई, माझे सासरे याच कारणाने गेले. गळ्यात नळी गेली नाही. हनुवटी अशीच होती, बापलेकांची एकच. आम्ही हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही, भीतीने सांगितलं नाही, ती आमची चूक. चूक झाली. हा शब्द नोकरीला लागल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला, आणि बघा, छत कोसळलं नाही. खुर्चीवरून ताईही उठून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. बाईंनी हातमोजे काढले. काढले, हे मी बघितलं. त्या घाईत होत्या आणि तरी त्या थांबल्या. आता त्या तुमच्याकडे वळल्या आहेत.

काच पुसून झाली आहे, डॉक्टर. चष्मा घाला. आम्ही आमचं सांगितलं. नळी कुठे अडली, किती वेळा रेटलीत, आत काय दिसत होतं आणि काय दिसत नव्हतं, पोटातलं केव्हा वर आलं, आणि शेवटी ती कशाने गेली, हे या जगात फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि थोड्याच वेळात त्याच गळ्यात यांना हात घालायचा आहे. मला सांगू नका हवं तर. मी पाठ करून उभी राहते, कान झाकते. यांना सांगा. गुंतागुंत म्हणू नका, नेहमीचंच म्हणू नका. त्या विचारताहेत, मी विचारते आहे, आणि तो आत ओढतो आहे त्या प्रत्येक श्वासाने तोही विचारतो आहे.

पहिल्या वेळी काय झालं?